दगडाची नक्कल

बिलकीस परकारला दुसरं माणूस आपल्या अंगात आणायला फार वेळ लागत नसे. नाकाचा शेंडा जरासा वर, खांदे मागे, दोन बोटांत नसलेली सिगारेट, की झाला तिच्या ऑफिसातला लेबनीज मॅनेजर फादी तयार. "हबीबी, मला ही ड्रॉइंग्ज काल हवी होती," असं ती त्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणायची आणि शारजातल्या अल नहदा भागातल्या, बाराव्या मजल्यावरच्या तिच्या हॉलमध्ये बसलेले पाहुणे चहाचे कप खाली ठेवायचे, नाहीतर हसताना सांडायचे.

माणसांवर ती थांबत नसे. इमारतीची लिफ्ट, तिच्यातली ती 'दरवाजे बंद होत आहेत' सांगणारी बाई, कागद अडकल्यावर कण्हणारा, ऑफिसातला नकाशे छापणारा प्लॉटर, हे सगळं तिच्या गळ्यात होतं. दाभोळच्या खाडीकाठच्या तिच्या गावी सांगत, की शाळेत गुरुजींची नक्कल केली म्हणून तिला छड्या बसल्या आणि छड्या खाताखाताच तिने मारणाऱ्या गुरुजींची दुसरी नक्कल केली. शेवटी गुरुजी हसत खुर्चीत बसले आणि उरलेल्या छड्या माफ झाल्या.

नवरा तिच्या अगदी उलट. मुश्ताक खोर फक्कानच्या बंदरात कंटेनरांच्या नोंदी ठेवायचा. आठवडाभर तिकडेच राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी डोंगर ओलांडून शारजाला घरी यायचा. जिथे काम मानेने होतं तिथे तो जीभ वापरत नसे. लोक विचारायचे, या दोघांचं जमतं कसं? बिलकीस सांगायची, "मी बोलते, तो मान हलवतो. कधीकधी मी त्याचीही मान हलवते." आणि ती हलवून दाखवायची.

दुबईच्या अल कुसैसमधल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ती डॉक्युमेंट कंट्रोलर होती. इमारतींचे नकाशे आले की नोंदवायचे, सुधारून आले की जुन्यांवर रद्दचा शिक्का मारायचा. दोन हजार आठच्या दिवाळीपर्यंत शिक्का मारून मारून तिचं मनगट दुखत होतं. मग मंदी आली आणि एकाएकी नकाशे यायचे थांबले. दुबईतल्या क्रेन जिथे होत्या तिथेच हात पसरून उभ्या राहिल्या. डिसेंबरात ऑफिसची पार्टी झाली, तिथे सगळ्यांनी गळ घातली म्हणून बिलकीसने खुद्द फादीसमोर फादी करून दाखवला. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. फेब्रुवारीत तिला नारळ मिळाला.

"तोंडाने नोकरी घालवलीस," मुश्ताक म्हणाला. एरवी न बोलणारा माणूस बोलला म्हणजे ते वाक्य घरात फर्निचरसारखं पडून राहतं. पुढच्याच महिन्यात फादीचीही नोकरी गेली आणि उन्हाळ्याआधी ऑफिसला कुलूप लागलं, म्हणजे तिच्या तोंडाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण मुश्ताकने ते वाक्य परत घेतलं नाही आणि बिलकीसने त्याची मान हलवणं बंद केलं.

आता घरात तिला गिऱ्हाईक राहिलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या, नबिलाच्या मैत्रिणी आल्या की पोरगी आधीच हात जोडायची, "ममा, प्लीज. नॉट द लिफ्ट लेडी." शेजारपाजारचे कोणी ना कोणी परत निघालेले. दर आठवड्याला कुणाचा तरी सोफा लिफ्टने खाली जायचा. निरोपाच्या जेवणात नकला करायला तिला बोलावत, पण बॅगा भरलेली माणसं हसतात ती घड्याळाकडे बघत हसतात, हे तिच्या लक्षात आलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये अनुपमा राहायची. पुण्याची, एका मोठ्या कंपनीच्या एचआरमध्ये, म्हणजे त्या वर्षी लोकांच्या हातात नारळ द्यायचं काम तिच्याकडे होतं. तिची पाठ धरली होती आणि झोप गेली होती. एके दिवशी ती बिलकीसच्या दारात येऊन म्हणाली, "माझ्याबरोबर क्लासला चल. जपानी नाच आहे. बुतो म्हणतात."

"नाच? मी? आमच्या सासूबाईंना फोनवरून वास येईल."

"अगं, तसा नाच नाही. यात सुंदर दिसायचंच नसतं."

"मग माझी प्रॅक्टिस झालेलीच आहे," बिलकीस म्हणाली आणि चप्पल पायात सरकवली. खरं सांगायचं तर तिला नाचाशी काही देणंघेणं नव्हतं. पण तिने आजवर जपानी माणूस कधी केला नव्हता.

क्लास अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात भरायचा. एका टाइल्सवाल्याची शेड रिकामी पडली होती, त्याने ती दिली होती. शिकवणाऱ्या बाई हारुए. साठीच्या, काटक, चेहऱ्यावर कसलाही भाव नसलेल्या. त्यांचे यजमान मेट्रोच्या कामावर इंजिनीअर होते. बाईंचं इंग्रजी मोजकं होतं, त्यामुळे त्या सांगायच्या ते एकतर फार खोल वाटायचं नाहीतर काहीच कळायचं नाही. वर्गात सात-आठ जण, त्यांत सूर्यकांत म्हणून एक गृहस्थ. एसीच्या डक्टचा हिशेब करणारे एस्टिमेटर. नोकरी गेल्यावर त्यांनी घरी स्वयंपाकघरातले डबे नव्या पद्धतीने लावायला घेतले, तेव्हा बायकोनेच त्यांचं नाव इथे घातलं होतं.

पहिला धडा चालण्याचा. "तुम्ही चालायचं नाही," हारुएबाई म्हणाल्या. "जमीन तुम्हाला नेईल. तुम्ही फक्त अडवू नका."

शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला जमिनीने इतका वेळ घेतला, की बिलकीस अनुपमाच्या कानाशी पुटपुटली, "हा नाच आहे की डॉक्टरकडे नंबर लावलाय?"

मग बाई म्हणाल्या, वाळवंटातलं काहीही व्हा. अनुपमा गवत झाली. सूर्यकांत बहुधा खड्डा झाले, कारण ते बसले ते उठले नाहीत. बिलकीसने उंट केला. खालचा ओठ लोंबवून, पापण्या अर्ध्या मिटून, एक एक गुडघा दुमडत असा उंट तिने खाली बसवला की सगळी शेड हसली. हारुएबाई हसल्या नाहीत. जवळ आल्या आणि उंटाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"छान उंट," त्या म्हणाल्या. "पण उंटाला आपण उंट आहोत हे ठाऊक नसतं. तुझ्या उंटाला ठाऊक होतं."

बिलकीसच्या आयुष्यात आपल्या नकलेत खोट काढणारं हे पहिलंच माणूस. ती घरी आली, आरशासमोर उभी राहिली आणि रागारागाने हारुएबाईंचा अभ्यास सुरू केला.

पुढच्या शुक्रवारी अनुपमाकडे जेवण होतं, सूर्यकांतही आले होते. बिर्याणीनंतर बिलकीस उठली, ओढणी घट्ट गुंडाळून घेतली, चेहऱ्यावरून सगळे भाव पुसून टाकले आणि म्हणाली, "तुम्ही जेवायचं नाही. बिर्याणी तुम्हाला जेवेल." अनुपमाचा नवरा प्रकाश सोफ्यावरून घसरला. अनुपमाही हसली, मग उठून जरा जास्तच आवाज करत ताटं गोळा करू लागली. सूर्यकांत मात्र एवढे खूश झाले, की सोमवारी क्लासला गेल्यागेल्या भोळेपणाने त्यांनी बाईंना सांगून टाकलं, "मॅडम, बिलकीसबाई तुमची फार सुंदर अ‍ॅक्टिंग करतात."

बिलकीसने सूर्यकांतांकडे ज्या नजरेने बघितलं ती बघून ते दोन पावलं मागे सरले.

"दाखव," हारुएबाई म्हणाल्या.

गुरुजींसमोर न घाबरलेली बिलकीस त्या दिवशी घाबरली. तरी केलं. चालणं, थांबणं, ते मोजकं इंग्रजी. करताकरता रंगातही आली. हारुएबाई आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग हात काढून हसल्या, मग भिंतीला टेकल्या. एवढ्या कोरड्या बाईच्या आत इतकं हसू साठलेलं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. डोळे पुसून त्या मधोमध आल्या.

"आता मी."

त्यांनी काहीच केलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. आणि हळूहळू त्यांचा डावा खांदा वर चढला, जणू खांद्यावर जड पिशवी आहे. एक हात पोटावर आला. हनुवटी पुढे सरकली, समोरच्याने बोलायच्या आत आपण बोलून घ्यावं अशी. शेवटी त्यांच्या अनवाणी पायांची बोटं आत वळली आणि त्यांनी सिमेंटची जमीन घट्ट धरली.

कुणी हसलं नाही.

"अगं, ही तू आहेस," अनुपमा हळूच म्हणाली.

"मी अशी उभी राहते?"

"कायम."

बिलकीसने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. बोटं वळलेलीच होती. इतकी वर्षं तिच्या चपलांचे अंगठे का तुटतात हे तिला त्या शेडमध्ये कळलं.

"बोटं अशी का?" बाईंनी विचारलं.

बिलकीसने आठवलं तसं सांगितलं. ओहोटी लागली की गावच्या बायका खाडीत खुबे आणि तिसऱ्या असे शिंपले काढायला उतरायच्या. पोटरीपर्यंत चिखल, एका खांद्याला टोपली, एक हात ओचा धरून पोटाशी. बोटांनी चिखल धरला नाही तर माणूस टोपलीसकट बसतं, आणि बसलं की गावभर हसू. ती सहा-सात वर्षांची असल्यापासून आईमागून उतरायची. गाव सोडून किती काळ झाला, पण पायांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

हारुएबाईंनी मान हलवली आणि आपली हकीकत सांगितली. त्या जपानच्या उत्तरेच्या, बर्फातल्या. तिकडे वारा एका बाजूने मारतो म्हणून गावातली माणसं तिरकी चालतात आणि भातशेतीत वाकून वाकून म्हाताऱ्यांच्या कमरा कधी सरळ होत नाहीत. तरुणपणी त्या टोकियोला बॅले शिकायला गेल्या, तर मास्तरीण गुडघ्यांवर पट्टी मारायची. सरळ, सरळ. गुडघे काही सरळ झाले नाहीत. मग त्यांना काही लोक भेटले. ते गुडघे वाकवूनच नाचत होते, चिखलातल्यासारखे. "मला वाटलं, हे तर माझे काका," बाई म्हणाल्या.

"आणि इथलं काय?" बिलकीसने विचारलं. "मी चौदा वर्षं झाली इथे आहे. इथलं काही आलं असेल ना अंगात?"

सगळे विचारात पडले. फ्लॅटची फरशी, लिफ्ट, गाडीतली मॅट, मॉल, पुन्हा लिफ्ट. इथल्या मातीला आपला पाय शेवटचा कधी लागला, कुणालाच आठवेना. सूर्यकांत म्हणाले, "माझ्या अंगात एसी आलाय. मान उजवीकडे वळत नाही." ते गंभीरपणे बोलले होते, आणि हारुएबाईंनी त्यांना त्याच मानेवर पुढचा महिनाभर नाचायला लावलं.

त्या दिवसापासून बिलकीस बाईंची नक्कल करायची थांबली आणि भलत्याच नादाला लागली. तिला दगड व्हायचं होतं. बाई म्हणायच्या, दगड सगळ्यांत अवघड. तिने घरी सराव सुरू केला. सासूबाईंचा गावाहून फोन आला, "काय करतेस गं?" ही म्हणाली, "ओली वाळू झाले होते." सासूबाई म्हणाल्या, "नमाज पढ आणि लवकर झोप."

एका गुरुवारी मुश्ताक घरी आला तर बायको बाल्कनीत एक हात आडवा धरून झाड होऊन उभी. त्याने अंघोळ केली, ओला टॉवेल आणला, नीट झटकून तिच्या हातावर वाळत घातला आणि आत जाऊन बातम्या लावल्या. बिलकीसने टॉवेल वाळेपर्यंत हात खाली घेतला नाही. पण त्याला जाब विचारायचा असं तिने ठरवलेलं राहून गेलं, कारण आत जाताना तो हसला होता, हे तिने काचेत पाहिलं.

क्लासमध्ये मात्र तिचं जमत नव्हतं. ती दगड व्हायची. श्वास बारीक, नजर मेलेली, माशी बसली तरी हलायची नाही. हारुएबाई फेरी मारून यायच्या आणि म्हणायच्या, "छान नक्कल." दर वेळी तेच. बिलकीसला वाटायचं एखादा खरा दगड उचलून बाईंना दाखवावा.

हिवाळा सरता सरता, मार्चात, बाईंनी ठरवलं की शेडमध्ये दगड होता येत नाही, दगडांत जाऊन बघू. खोर फक्कानच्या अलीकडे एक छोटा किनारा आहे. तिथे तपकिरी उघडे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि पायथ्याशी हत्तीच्या पिलाएवढे गोटे पडलेले असतात. मुश्ताकला ती जागा ठाऊक होती. त्याने बंदरातल्या एका ड्रायव्हरची मिनीबस ठरवली. शुक्रवारी पहाटे किनाऱ्यावर कुणी नसतं, हेही त्यानेच सांगितलं.

अडचण एकच. बुतोत अंगाला पांढरं फासतात, आणि बाईंचा जपानहून आणलेला रंगाचा डबा वाळून खडू झाला होता. बिलकीस म्हणाली, "मी बघते." तिने तांदळाच्या पिठाची उकड केली, भाकरीला करतात तशी, पण पातळ. आणि भाकरीला करतात तशी म्हणून हाताने सवयीप्रमाणे तिच्यात चांगलं चिमटीभर मीठही टाकलं. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

उजाडायच्या वेळेला ते किनाऱ्यावर उतरले. सगळ्यांचे एकसारखे राखाडी झगे, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, चेहरे आणि हात उकडीने पांढरे. दूर बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. हारुएबाईंनी प्रत्येकाला गोट्यांमध्ये एकेक जागा दाखवली आणि त्या स्वतः पाण्याच्या कडेला जाऊन बसल्या. थोड्या वेळाने तिथे माणसं आहेत असं सांगूनही पटलं नसतं.

मुश्ताक वर रस्त्याच्या कठड्यावर थर्मास घेऊन बसला होता. त्याने एक कप चहा प्यायला. मग दुसरा ओतला आणि तो तसाच हातात धरून बसला. नेहमी घरभर वाजत असणारी आपली बायको खाली कुठेतरी गप्प पडली आहे, हे त्याला सोसेना. कप घेऊन तो गोट्यांतून वाट काढत खाली गेला आणि एका पांढऱ्या चेहऱ्याशेजारी उकिडवा बसला.

"बिलकीस," तो अगदी हळू म्हणाला. "हलू नकोस. माझं एवढं ऐक. मी तेव्हा तोंडाने नोकरी घालवलीस म्हटलं, ते म्हणायला नको होतं. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. बंदरातही लोकांना काढत होते, मला भीती वाटत होती. तू घरात पहिल्यासारखं सगळं कर. माझीसुद्धा कर."

चेहरा समोरच बघत राहिला. मग ओठ न हलवता आतून आवाज आला, "मुश्ताकभाई, मी सूर्यकांत. पण निरोप पोचवतो."

मुश्ताक तो कप तिथेच ठेवून परत वर गेला. सूर्यकांतांनी तो चहा प्यायला की नाही, यावर नंतर वर्गात दोन मतं होती.

तेवढ्यात डोंगरावरून शेळ्या उतरल्या. तिकडे त्या अशाच मोकळ्या हिंडतात, पहाटे किनाऱ्याकडे येतात. पहिल्या शेळीने अनुपमाचा गाल हुंगला आणि चाटला. मीठ. शेळीने मान वर करून असा काही आवाज काढला, की मागचा अख्खा कळप धावत आला. अनुपमा 'ईऽऽ' करत गवत, पाठ आणि एचआर सगळं विसरून रस्त्याकडे पळाली. तिच्यामागे दोघं-तिघं आणखी उठले. सूर्यकांतांनी मान उजवीकडे वळवली, आणि ती वळली, पण त्या गडबडीत त्याचं कौतुक करायला कुणाला फुरसत नव्हती. एकेक दगड उठून पळत सुटला तसा कळप पुढच्या दगडाकडे वळत गेला, आणि शेवटी बिलकीसभोवती गोळा झाला.

बिलकीसने डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेळी येताना पाहिली तेव्हा तिला पहिल्यांदा काय सुचलं, तर शेळीची नक्कल. ती तिच्या घशापर्यंत आली होती. तो खरखरीत जबडा, तो मूर्ख आणि हुशार डोळा. मग शेळीची जीभ तिच्या गालावरून फिरली. गरम, खरबरीत, तिच्या आईच्या हातासारखी. लहानपणी खाडीवरून आल्यावर आई असाच दाबून चिखल पुसायची. दुसरी जीभ हनुवटीवर, तिसरी मनगटावर. पायाखाली लाटेचं पाणी आलं आणि जाताना टाचेखालची वाळू घेऊन गेलं. बोटांनी सवयीने धरायला पाहिजे होतं. ती धरायची राहिली. वाळू जात होती तशी ती थोडीथोडी खचत होती आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आपण दगड आहोत की नाही, हे बघायला आत कुणी जागेवर नव्हतं. शेळ्यांना ती माणूस वाटत नव्हती आणि तिला शेळ्या विनोदी वाटत नव्हत्या. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही खारट असल्यामुळे एका शेळीने चाटून घेतलं.

असा किती वेळ गेला कोण जाणे. वर रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली. तिच्यातून एक तरुण पोलीस उतरला, आणि मागून काठी टेकत शेळ्यांचा म्हातारा मालक आला.

"ते काय आहे?" पोलिसाने बोट दाखवून विचारलं.

"माझी बायको," मुश्ताक म्हणाला. शेळ्या जिथे आहेत तिथे ती, एवढं त्याला आता कळलं होतं.

"ती काय करतेय?"

मुश्ताकने थोडा विचार केला. "दगड."

"आजारी आहे?"

"नाही, हबीबी. जपानी व्यायाम. कमरेसाठी."

पोलिसाने आपली कंबर नकळत चाचपली. म्हातारा मात्र भडकला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. शेळ्यांना पीठ चारलं तर पोट फुगतं. या बाईने तोंडाला पीठ का लावलं? पोलीस खाली उतरला, शेळ्यांतून वाट काढत बिलकीससमोर उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, चेहऱ्यावरचं जेवण काढा." ती हलली नाही. तो हारुएबाईंकडे गेला, त्याही हलल्या नाहीत. मग तो तिथेच एका खऱ्या दगडावर बसला. सूर्य डोंगराच्या उंचीला आला, उकड संपली, शेळ्यांचा रस गेला आणि म्हाताऱ्याने त्यांना हाकलत नेलं. तेव्हा कुठे बिलकीसने मान उचलली. समोर पोलीस बघून ती दचकली. तो त्याहून जास्त दचकला.

"खलास?" त्याने विचारलं.

"खलास," ती म्हणाली.

परवानगीशिवाय असं जमायचं नाही आणि तोंडाला खाण्याचं काही लावायचं नाही, अशी दोन वचनं घेऊन तो गेला. हारुएबाई आल्या. बिलकीसच्या गालावरचे लाल चट्टे त्यांनी जवळून पाहिले. या वेळी त्या 'छान नक्कल' म्हणाल्या नाहीत. पिशवीतून क्रीमची ट्यूब काढून तिच्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर मिनीबसमध्ये सूर्यकांतांनी निरोप पोचवला. शब्दनशब्द, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मुश्ताक खिडकीबाहेर बघत राहिला. बिलकीसने पुढे वाकून, वर्षभरानंतर, त्याची मान हलवून दाखवली. बसमध्ये सगळे हसले, आणि तोही.

पण तिच्या नकलांचं काहीतरी बिघडलं होतं, किंवा सुधारलं होतं. त्या वर्षी ईदला घर भरलेलं असताना लोकांनी मुश्ताक करायची फर्माईश केली. ती उठून नुसती उभी राहिली, दूरवरचं बंदर बघत असल्यासारखी. आधी सगळे हसले. मग हळूहळू हसू ओसरलं, कारण मुश्ताक गेल्या दोन वर्षांत किती थकला होता ते तोवर कुणी पाहिलं नव्हतं. नबिला उठली आणि खऱ्या मुश्ताकशेजारी जाऊन बसली. "बाबा, यू ओके?" तो म्हणाला, "हो. तिला सांग, शेवया गार होतायत."

हारुएबाईंच्या यजमानांचं काम संपलं आणि त्या दोन हजार अकरात गेल्या. टाइल्सवाल्याला भाडेकरू मिळाला. अनुपमाची पाठ बरी झाली नाही, झोप मात्र परत आली. तिने एचआर सोडलं आणि प्रकाशबरोबर पुण्याला गेली. बिलकीसला अल कुसैसमधल्या एका नर्सरीत नोकरी लागली. आधी मदतनीस, मग मुलांचे खेळ घेणारी टीचर.

अ‍ॅन्युअल डेला तिच्याकडे सगळ्यांत लहान वर्ग आला. मुलांच्या आयांनी फिल्मी गाण्याच्या अपेक्षेने चमकीचे घागरे आणि जाकिटं शिवून घेतली होती. पडदा उघडला. स्टेजवर वीसेक पोरं राखाडी चादरींखाली पडलेली. संगीत नाही. पहिल्या रांगेतले एक बाप कॅमेरा धरून बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी विंगेत उभ्या बिलकीसला खुणेने विचारू लागले, सुरू कधी होणार? तिने खुणेनेच सांगितलं, झालंय की सुरू. एक चादर जांभई देऊन हलली. दुसरी खरंच झोपली होती, ती पडदा पडल्यावर उचलून न्यावी लागली.

नर्सरीच्या मालकीणबाई संतापल्या. तीन आयांनी घागऱ्यांवरून तक्रार केली. बिलकीस घरी येऊन म्हणाली, "बहुतेक पुन्हा नारळ." मुश्ताक म्हणाला, "मिळू दे. चटणी करू." त्याच्या मानाने हे लांबलचक भाषण होतं.

पण सोमवारी चौथ्या आईचा फोन आला. तिचा मुलगा जन्मल्यापासून एका जागी बसलेला नव्हता. तो काल संध्याकाळी सोफ्यावर आपण होऊन दगड झाला आणि तिने गरम चहा गरम असतानाच प्यायला. टीचर हे रोज घेतील का? मंगळवारी तक्रार करणाऱ्या तिघींपैकी दोघींनी तेच विचारलं. मालकीणबाईंनी बिलकीसला केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं, की पुढच्या टर्मपासून शेवटचा तास दगडाचा ठेवू या.

"ठेवू या," बिलकीस म्हणाली, "पण रोज दगड जमणार नाही मॅडम. दगड करायचा तर दोन दिवसांआड वादळही करावं लागतं, आणि ते पोरं घरी जाऊनच पूर्ण करतात."

मालकीणबाईंनी ही अट कळवल्यावर आयांनी विचार करायला वेळ मागून घेतला.